नाव आत्याच ठेवणार

मुखेड,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. भागवतास ताईचा आशीर्वाद. आरती आणि लेकरू बरी असतील.

परवा तू फोनवर म्हणालास, "ताई, तू बारशाला येऊ नको. लेकरू लई नाजूक हाय. नाव आरतीची बहीण ठेवंल." मी नुसतं हूं केलं. कान बंद आहे, हिला ऐकू गेलं नाही, असं तुला वाटलं असेल. सगळं ऐकू आलं.

मी विज्ञान शिकवते, तेव्हा थोडं लांबेल. माझा कॅन्सर नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या कोनाड्यात आहे. कानाची नळी तिथंच उघडते, म्हणून आधी एक कान बंद झाला. गाठीचा तुकडा तपासणाऱ्या चंद्रप्रभा मॅडमनी मला तो सूक्ष्मदर्शकातून दाखवला. बिघडलेल्या पेशी, आणि भोवती पांढऱ्या पेशींची ही गर्दी, लढायला येऊन नुसत्या उभ्या राहिलेल्या. बिघडलेल्या पेशींत एक विषाणू सापडला. तो बहुतेकांच्या अंगात लहानपणीच थुंकीतून शिरतो आणि निपचित पडून राहतो. तुझ्याही अंगात असेल. फार थोड्यांना त्यातून कॅन्सर होतो, त्यालाही आणखी कारणं लागतात. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. कानात नाव सांगितल्यानं तर मुळीच नाही.

पण तुझी भीती वेगळीच आहे. याच कॅन्सरची गाठ मानेवर आली तेव्हा तूच तिच्यावर बिब्बा लावलास. त्यात तीन महिने गेले. तेव्हापासून तू माझ्या मानेकडे बघत नाहीस, आणि आता मलाच टाळतोस. अरे, बिब्बा तू लावलास, पण मान मी पुढे केली, विज्ञानाची बाई असून. मला तपासणीच्या सुईची भीती वाटत होती. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझा रागही आला होता, खोटं कशाला बोलू. आता नाही.

रेडिएशनचे पस्तीस शेक झालेत. डॉक्टर म्हणतात, ही गाठ शेकाला चांगली दबते. तोंड कोरडं पडतं, आवाज बसलाय.

रविवारी सकाळच्या एसटीनं अहमदपूरला उतरेन. पाण्याची बाटली सोबत आणते. दार लावून घेतलंस तर उंबऱ्यावर बसेन आणि याच बसक्या आवाजात अख्ख्या गल्लीला पोरीचं नाव सांगेन. पाळण्यापर्यंत ते पोचेलच.

तुझी ताई, आणि तुझ्या लेकीची एकुलती एक आत्या,
सुकन्या