राखून ठेवलेली उतरण

॥ श्री ॥

खामगाव,
ता. ४-२-१९८०

तीर्थरूप पंजाबदादास,
धाकटी बहीण विमल हिचा शि. सा. न. वि. वि.

पत्र रागात लिहायला घेतलंय, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस. पेपरात बातमी आहे. आपल्या उत्तमकाकांचा भगवान, जो मुंबईला जाऊन 'बॉबी' झाला, त्याच्या बँडची 'ब्लू मंडप' ही रेकॉर्ड कंपनी पुन्हा काढते आहे. म्हणे दहा वर्षांत ती फार थोर ठरली. आता एकीच्या दोन तबकड्या, दुघडी जाड कव्हर, आत रंगीत फोटोंचं पुस्तक. यांनी वाचून पेपर गुपचूप घडी करून गादीखाली सरकवला, पण माझ्या सासऱ्यांना, मामाजींना, बाजारात कोणीतरी सांगितलंच. संध्याकाळी ते जेवले नाहीत.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण बोलायला इथे माझं कोणी नाही. माझ्या लग्नात आईने पंगतीला वऱ्हाडाच्या शिव्या गायल्या, त्या भगवानने मशीनवर भरून घेतल्या. शिव्या कोण गात नाही? नवरीकडच्या बायका व्याह्याला नाव घेऊन झोडपतात आणि व्याही खाली मान घालून जेवतो, हीच आपली रीत. पण नवरी निघायच्या आधी गाणारणीने उतरण म्हणायची असते. दिलेली एकेक शिवी नाव घेऊन परत काढायची, व्याह्याला ओवाळायचं, मग मांडवाबाहेर पाऊल. आईने उतरणही म्हटली होती. ती भगवानने कापली. त्याला ती कंटाळवाणी वाटली.

मग रेकॉर्डवर काय राहिलं? गिटारी केकाटतात, बाजा घुमतो, आणि मधून विहिरीच्या तळातून यावा तसा आईचा आवाज पुन्हा पुन्हा म्हणतो, उकंडराव व्याही तिघांचं एकला जेवला वो बाई, जाताना पितळी वाटी धोतरात घेऊन गेला वो बाई. खामगावच्या हॉटेलात हे वाजलं. कापूस बाजारात मामाजींना लोक विचारायचे, वाटी सापडली का हो उकंडराव? बाजार समितीच्या निवडणुकीत विरोधकांनी घरोघर वाटी दाखवली आणि मामाजी पडले. त्या दिवशी त्यांनी सांगितलं, ज्या गळ्यानं मले चोर केलं त्याच्या उंबऱ्यावर माही सून पाय ठेवनार नाही. तेव्हापासून मी आईला पाहिलेलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही इथेच झालं. माझी मुलगी नऊ वर्षांची झाली, आजी म्हणजे काय ते तिला माहीत नाही.

आणि कव्हरवर त्याने काय छापलं? जलंब स्टेशनवर गाणारी एक वेडी बाई! दादा, मी देवाला दुसरं काही मागत नाही. भगवानची मान एकदा भर पंगतीत खाली गेलेली मला ऐकायला मिळावी.

आईला नमस्कार सांग. वहिनीला आणि तुझ्या बेबीला माझी आठवण दे. बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी
विमल

॥ श्री ॥

देऊळघाट,
ता. १९-२-१९८०

चि. सौ. विमल हिस,
पंजाबरावाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच हप्त्यात भगवानचंही आलं, आईच्या नावाने. असं कसं जमून आलं म्हणून मी थक्क झालो. मी वाचून दाखवलं, आई मात्र तुरी निवडत बसली होती, तिने मान वर केली नाही.

तो लिहितो, नव्या रेकॉर्डसाठी जुन्या टेपा काढून ऐकल्या. कंपनीला ते गाणं या वेळी अखंड हवं आहे, शेवटासकट. पण शेवटाची टेप लावली तर तिच्यावर गिटार निघाली. तेव्हा टेप महाग होती म्हणून याने आईच्या उतरणीवरच स्वतःची गिटार भरली होती. म्हणजे नुसती कापली नाही, पुसून टाकली. आणि वर लिहितो, काकू, तेवढा शेवटचा भाग पुन्हा म्हणून द्याल का, मी मशीन घेऊन येतो. तुझ्या घराची काय दशा झाली याचा एक शब्द नाही.

मी म्हटलं, लिहून टाकतो की आमच्या दारात पाय ठेवशील तर तंगडं मोडीन. आई म्हणाली, काऊन बे, येतो म्हनते ना तो, येऊ दे त्याले. मग तिने मला तीन गोष्टी लिहायला लावल्या. एक, उतरण सुटी गाता येत नाही. मांडव लागतो, पंगत लागते, आधी शिव्या लागतात. वैशाखात आपल्या बेबीचं लग्न आहे, तेव्हा ये. दुसरं, कंपनीचा मोठा साहेब सोबत आण, त्याच्या समोरच गाईन. तिसरं, कव्हरवर वेडी बाई छापायचं नाही, रुखमाबाई, मुक्काम देऊळघाट असं छापायचं.

मला तिचं मन कळलं नाही. विचारलं तर म्हणते, तू मांडवाचे बांबू पाह्य. पण विमल, मी तिला इतकं खुशीत फार वर्षांनी पाहिलं. तुरी निवडताना गुणगुणत होती, आणि मी जवळ गेलो की गप्प बसत होती.

लग्नाचं आमंत्रण घेऊन मी स्वतः तुझ्या सासऱ्यांकडे येणार आहे. हाकलून दिलं तरी येणार. मुलीला माझा पापा दे आणि जिवाला जप.

तुझा
दादा

मुंबई,
ता. ३-३-१९८०

ती. काकूस,
भगवानचा सा. न.

तुमचं पत्र वाचून डोळे भरून आले. तुम्ही मोठ्या मनाच्या, म्हणून जुनं विसरलात. तिन्ही अटी मान्य. कंपनीचे साहेब येणार आहेत. त्यांना मराठीचा गंध नाही, पण तुमच्या आवाजाचे ते भक्त आहेत. ती जुनी बाजू ऐकताना दिवे मालवून जमिनीवर पडून राहतात.

काकू, इथे कॉलेजची पोरं त्या गाण्यात काय काय ऐकतात, तुम्हाला सांगून पटायचं नाही. कोणाला त्यात मरण ऐकू येतं, कोणाला ब्रह्म. मी आपला सगळ्यांना हो म्हणतो. उतरण मिळाली की हे काम पुरं झालं असं समजेन. विमलच्या घरी काही गैरसमज झाला असं उडत उडत कळलं, तो एव्हाना निवळला असेलच.

पुतण्यावरचं छत्र असंच राहू द्यावं.

आपला
भगवान

॥ श्री ॥

देऊळघाट,
ता. १४-५-१९८०

चि. सौ. विमल हिस,
अनेक आशीर्वाद.

बेबीचं लग्न नीट पार पडलं. तुझ्या सासऱ्यांनी मला चहाही न पाजता परत धाडलं, त्याचं दुःख धरू नकोस. तू नव्हतीस म्हणून आई हळदीला रडली, पण पंगतीच्या दिवशी जे झालं ते ऐक.

भगवान आला, केस खांद्यावर, चट्ट्यापट्ट्याचा सदरा. सोबत साहेब आणि पेटीएवढं मशीन. आईने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि पंगत बसायच्या वेळी त्याला हाताला धरून नेऊन वऱ्हाडाच्या रांगेत बसवलं, नवरदेवाच्या मामाशेजारी. तो हसून म्हणाला, काकू, मी तं घरचा. आई म्हणाली, घरचा होता, आता मंबईचा पाव्हणा हायेस, मानाच्या पाटावर बस. लोकांसमोर मान मिळतोय म्हटल्यावर तो फुगला आणि बसला.

मशीन सुरू झालं. आईने आधी व्याह्याला दोन ओळी दिल्या, मामाला एक, रीतीपुरत्या. मग आवाज चढवला. मंबईचा भगवान्या पंगतीले बसला वो बाई, काकूचा गळा पिशवीत भरून नेला वो बाई. गळा इकून सदरा घेतला, काकूले म्हने येडी वो बाई. बहीन त्याची सासरी सडते, हा वाजवते तुनतुनं वो बाई. मागे बायकांनी एकेक ओळ उचलून धरली, शेजारच्या तानाबाईने तर टाळ्यांनी मांडव हलवला. सगळ्यांना गाणं आधीच पाठ होतं! तीन महिने आईने गावभर शिकवलं होतं, आणि मला पत्ता नाही.

त्याचा घास हातातच राहिला. पण पाटावरून उठता येतं का? शिव्या चालू असताना जो उठला त्याने त्या खऱ्या मानल्या, असं आपण धरतो. तो मान खाली घालून बसून राहिला. उत्तमकाकाही समोरच वाढत होते, त्यांनी बुंदीचं पातेलं खाली ठेवलं आणि लेकाकडे पाहिलंसुद्धा नाही. तू म्हणाली होतीस तशीच गेली मान, विमल. मी डोळे भरून पाहून घेतली.

साहेब मात्र खुळा झाला. डोळे मिटून डोलत होता. गाणं संपल्यावर त्याने इंग्रजीत अर्थ विचारला. आपल्या शाळेचे शंकरराव गुरुजी जवळच होते, त्यांना इंग्रजी येतं. ते सांगतात, भगवान म्हणाला, हा पाहुण्याला दिलेला आशीर्वाद आहे. मग साहेब म्हणाला, तर हेच गाणं रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला, एक अक्षर न कापता. स्वतःच्याच थापेत भगवान अडकला.

मग त्याने हात जोडून उतरण मागितली. आईने पदर सावरला आणि म्हणाली, तुह्यी उतरन मांगं, आधी उकंडरावाची. दहा वर्सं त्यायची राह्यली हाये. त्यायले आन, माह्यी विमल आन, मंग पाहू. आणि जेवायला बसली. नवरदेवाकडच्यांची उतरण तिने निघताना म्हटली, त्याची नाही.

तुझा
दादा

॥ श्री ॥

खामगाव,
ता. २२-११-१९८०

तीर्थरूप दादास,
विमलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं मागचं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घड्यांवर फाटायला आलं. रेकॉर्ड इथे दसऱ्याच्या सुमारास आली. यांनी मला दुकानात नेऊन दाखवली. कव्हर खरंच राजेशाही आहे, निळ्या मखमलीसारखं, उघडलं की मांडव पसरतो. आत आईचा फोटो आणि खाली नाव, गावासकट. मी त्यावर हात ठेवून उभी राहिले, दुकानदाराला वाटलं मी विकत घेणार.

गाणं लागलं. सुरुवातीला नुसता बाजा घुमतो, मग गिटार लांब सूर धरते, आणि मग आई येते, या वेळी विहिरीतून नाही, समोर बसल्यासारखी. दादा, खोटं कशाला सांगू, गिटार सुंदर वाजवलीय मेल्याने. त्याचाच मला जास्त राग आला.

आता मुख्य बातमी. बाजारातल्या हॉटेलात हे गाणं लागलं आणि मामाजी नेमके चहाला बसलेले. पहिल्या ओळीला उठायला निघाले, चौथीला थांबले. घरी येऊन सांगत होते की मले वाटलं बुढी पुन्हा माह्याच मांगं लागली, तं हे त्या भगवान्याचं निघालं. मग हॉटेलवाल्याला म्हणे, लाव बे पुन्हा. तिसऱ्यांदा लावायला लागल्यावर हॉटेलातले सगळे हसत होते, आणि पहिल्यांदाच त्यांना नाही.

पुढच्याच आठवड्यात भगवान स्वतः दारात. केस कापलेले. हिवरा आश्रम गावाकडे त्याची सोयरीक ठरत होती. मुलगी पाहायला गेला तर आतून बायकांनी तेच गाणं धरलं, आणि मुलीच्या भावाने विचारलं की आमच्या घरून काय भरून नेणार. आता तो वऱ्हाडात जाईल तिथे हेच. त्याने मामाजींचे पाय धरले. मामाजींनी त्याला बराच वेळ धरू दिले.

मग मला हाक मारून म्हणाले, सूनबाई, लुगडी काढ, संक्रांतीले देऊळघाटले जाऊ. मले माह्यी उतरन आयकाची हाये. दादा, मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. मांडव घालून ठेव, चार बांबूंचा का होईना. आईला सांग, मी निघाले.

तुझी
विमल

॥ श्री ॥

देऊळघाट,
ता. २८-१-१९८१

चि. भगवान यास,
विमलताईचे आशीर्वाद, रीतीपुरते.

वरचं गाव पाहिलंस? हे पत्र मी आईच्या चुलीपाशी बसून लिहिते आहे. माझी मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आहे.

संक्रांतीला दादाने अंगणात बांबूंवर ज्वारीचं धांड टाकून मांडव केला. मामाजी पाटावर बसले. आईने आधी ती दहा वर्षांपूर्वीची शिवी पुन्हा म्हटली, मग एकेक शब्द काढला. तिघांचं जेवण काढलं, वाटी काढली. काढताना खरोखरची पितळी वाटी गुळाने भरून त्यांच्या हातात दिली. मामाजींनी ती डोक्याला लावली. आई म्हातारी झाली आहे रे, दोनदा तिचा श्वास तुटला. तू पुसून टाकलंस ते हेच. तू तुझं मशीन लावून एका कोपऱ्यात बसला होतास, तेव्हा तुला दिसलं असेलच.

नंतर तू पुढे येऊन बसलास, तुझ्या उतरणीसाठी. आई म्हणाली, माह्यं झालं. वर्सं हिची गेली, हिले विचार. मी तेव्हा उठून चुलीपाशी गेले. तू मुंबईला जाऊन पत्र धाडलंस की ताई, तोंडाने नाही तर निदान लिहून हो म्हण, माझी सोयरीक अडली आहे.

आईने मला उतरण शिकवली. कालपासून आम्ही दोघी चुलीपाशी तेच करतो आहोत. तुझ्या नावाची अख्खी पाठ झाली, चाल फार गोड आहे. गळाही माझा तिच्यासारखाच लागतो असं दादा म्हणतो. म्हणजे ती हरवायची भीती नाही. ती माझ्यापाशी आहे आणि मी ती म्हणणार नाही.

आईला न पाहता मी दहा वर्षं काढली. तूही तेवढी काढ. पंगतीला बस, लोक हसतील, घास हातात धर, उठू नकोस. दहा वर्षांनी तुझी कंपनी ती रेकॉर्ड आणखी जाड कव्हरात पुन्हा काढील, तेव्हा मशीन घेऊन माझ्या दारी ये आणि विचार.

तुझ्यावर लोभ होता. त्यावर तू गिटार भरलीस.

विमल