परवानगीने राहते

ता. ३ जून
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल, माझे गुडघे तेवढे कुरकुरतात. सोबत एक कागद आहे, सही करून उलट टपाली पाठव. घर माझ्या नावावर असलं, तरी अकरा वर्षं राहणारा माणूस उद्या हक्क सांगू शकतो, असं वकील म्हणतात. तुझ्यावर अविश्वास नाही गं, पण पुढे मुलांना त्रास नको. नाकावरचा राग नाकावरच ठेव.
तुझं बरं चिंतणारा,
दादा

ता. ११ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि. कागद मिळाला. 'भावाच्या परवानगीने राहते, कसलाही हक्क नाही' हे तीनदा वाचलं. एक अक्षर खोटं नाही, तरी हात पुढे होईना. हे गेले तेव्हा तूच म्हणालास, रिकाम्या घरात कुणी घुसेल, तू राहा. राखणीला आले आणि गळकं छत बदललं, जिन्याला कठडा लावला, गणवेश शिवून शिवून डोळे घालवले. घर बळकावायचं माझ्या मनात कधी आलं नाही. तुझ्या मनात आलं, ते सलतंय.
सही करत नाही. मशीन टेम्पोत चढवलंय, मैत्रिणीकडे जाते. तिचा पत्ता मागे आहे. किल्ली कॉलनीच्या वॉचमनकडे.
माया आटू देऊ नकोस,
चिमणी

ता. १९ जून
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. काल स्वतः आलो. वॉचमनने फाटकातच अडवलं. मालक आहे म्हटलं तर हसला. म्हणाला, ते शिवणवाल्या ताईंचं घर. तुझा भाऊ म्हटल्यावर किल्ली दिली. आत दिव्याचं बटण सापडेना. दुपारी तिघीजणी मुलींचे गणवेश मागायला आल्या. ताई कधी येणार विचारलं, तर पुढच्या रविवारी, असं माझ्या तोंडून गेलं. कागद फाडलाय. मला तोंडघशी पाडू नकोस.
वाट पाहणारा,
दादा

ता. २४ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि. गणवेश माझ्याकडेच आहेत, रविवारी आणून देते. कागद फाडलास, बरं वाटलं. पण राहायला येणार नाही. तिथे आता भिंतीत खिळा ठोकतानाही तुझा कागद आठवेल. बाजारामागे एक खोली घेतलीय. मशीन ठेवलं की पाय पसरायला जागा नाही, उजेड मात्र भरपूर. वहिनीला घेऊन चहाला ये. तुझ्यावर राग नाही.
फक्त आधी कळवून ये.
तुझीच,
चिमणी