उत्तमसिंग साहेबांची परवानगी

सेनगाव
१५ जून २०२५

ती. सुमनआत्यास,
धम्मदीपचा सविनय जयभीम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर ऐकू येत नाही म्हणून तू पत्रं लिहितेस, हे कळमनुरीत सगळ्यांना पटलं असेल, मला नाही. तुला ऐकू सगळं येतं, फक्त मध्येच कोणी बोललेलं खपत नाही. शाळेतून रिटायर झालीस, पण वर्ग अजून चालूच आहे.

बातमी अशी, की जुनी जीप एकदाची विकली. घेणाऱ्यानं आत डोकावून विचारलं, हिच्यात शेळ्या नेत होता का. मी म्हटलं, मी नाही, सोनाजीकाका. तुझा हा चुलतभाऊ आमच्या शेजारी राहतो याला भाग्य म्हणावं की काय, ते अजून कळलेलं नाही. कागदावर नाव माझं, डिझेल माझं आणि फिरायची काकांसाठी.

आता नवीन गाडीचं बघून राहिलोय. हिंगोलीच्या शोरूमात बॅटरीवरची एक लहानशी एसयूव्ही आहे. उंच आहे, आमच्या रस्त्याला टिकेल. विकत घेणं माझ्यासारख्या पतसंस्थेतल्या कारकुनाला झेपणार नाही, पण तिथला पोरगा म्हणाला लीजवर घ्या. म्हणजे गाडी कंपनीची, आपण महिन्याला भाडं द्यायचं. विमा, दुरुस्ती त्यांच्याकडे. काही वर्षांनी परत करायची. वर्षाला किती किलोमीटर पळवायची त्यालाही मर्यादा आहे. शेत मक्त्यानं करतात तसाच प्रकार. मला पटलंय, पण लोक काय म्हणतील? दारात गाडी, आणि तीही परक्याची.

तुझ्या सूनबाईचं, शीतलचं, मत वेगळंच. ती म्हणते, बैलगाडी आणा, पण परीक्षेच्या दिवशी ती दारात पाहिजे. मागच्या वेळचं तुला माहीतच आहे. अंगणवाडी सेविकेची मुख्यसेविका होण्याची परीक्षा, केंद्र हिंगोलीत, आणि जीप आदल्या दिवशी काकांनी पोरासाठी मुलगी बघायला औंढ्याला नेलेली. रात्री आणतो म्हणाले होते. मीच "न्या" म्हणालो होतो. आम्ही थांबत-थांबत जाणाऱ्या काळ्या-पिवळी जीपनं पोचलो तेव्हा गेट बंद झालं होतं. यंदाची तिची शेवटची संधी; पुढच्या वेळी वय बसत नाही.

तर लीज घेऊ की नको, ते कळव. लोभ आहेच, रागावणार असशील तर तेही पत्रानंच कर.

तुझा
धम्मदीप


कळमनुरी
२१ जून २०२५

चि. धम्मदीप यास,
अ. उ. आ. व जयभीम.

घे. उद्याच्या उद्या घे, आणि लीजवरच घे. कोणी फुकट दिली तरी मालकीची घेऊ नकोस.

तुझं दुखणं गाडीचं नाही रे, जिभेचं आहे. तुझ्या जिभेला "नाही" हा शब्द वळत नाही. तुझी आई गेल्यावर तू माझ्याकडे वाढलास, तेव्हापासून पाहते आहे. डबा भरून द्यावा, तर पोरांना वाटून हा उपाशी घरी. आमच्याकडे घरची गाडी म्हणजे गावची गाडी, आणि तुझी गाडी म्हणजे सोनाजीची. पण कंपनीची गाडी कोणाचीच नसते. उद्या सोनाजी मागायला आला, की तोंड पाडून सांगायचं, काका, मी तर दिली असती, पण कंपनी नको म्हणते, किलोमीटर मोजतात. सापही मरतो आणि काठीही मोडत नाही. भाडं गाडीचं देतोस असं समजू नकोस. तुझ्यावतीनं नाही म्हणणारा माणूस ठेवलास असं समज.

शीतलला म्हणावं, अभ्यासाला लाग, गाडी दारात राहील. ती जबाबदारी मी घेतली.

लोकांचं म्हणशील, तर ज्यांना लाज वाटायला हवी ते मजेत आहेत. तू काहून लाजतोस? तब्येतीला जप, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
सुमनआत्या


सेनगाव
१० ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
स. जयभीम वि. वि.

गाडी आली. रंग पांढरा, नंबरची पाटी हिरवी. बॅटरीच्या गाड्यांना तशीच असते, पण गावाला वाटलं सरकारी आहे. ग्रामपंचायतीचा शिपाई तर उठून उभा राहिला. शीतल शिकली आहे आणि माझ्यापेक्षा बरी चालवते. लाइट गेली की चार्जिंग अडकतं एवढीच तकलीफ.

फुलं वाहून झाली आणि काका पुढच्या सीटवर जाऊन बसले. शेळ्यांना बाळापूरच्या बाजारात न्यायचंय म्हणाले. मी तुझं वाक्य म्हटलं, अगदी तोंड पाडून. काकांनी विचारलं, कंपनी म्हणजे कोण? माणूस असेल ना? नाव काय त्याचं? शाळेत पीटीला एक उत्तमसिंग मास्तर होते, ज्यांना मी अजून स्वप्नात भितो. त्यांचं नाव तोंडून गेलं. उत्तमसिंग साहेब, पुण्याला बसतात, गाडी कुठं आहे ते त्यांना मोबाईलवर दिसतं. काका मुकाट्यानं उतरले. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी काकांनी साहेबांच्या नावानं अर्ज लिहून आणला आणि पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिला. तो सोबत पाठवतो आहे. ही कल्पना तुझी होती, तेव्हा उत्तरही तूच दे.

उत्तराची वाट पाहणारा,
धम्मदीप


(सोबतचा अर्ज)

मा. उत्तमसिंग साहेब यांना,
जयभीम, आणि नावावरून तुमी बंजारा तांड्यावरचे दिसता म्हणून जय सेवालाल.

मी सोनाजी, गाडीवाल्या धम्मदीपचा चुलता. पोरगं गुणी हाय, गाडी देतो म्हणते, पण तुमाला भिते. माझ्या पाच शेळ्या बाजारात न्यायच्या हायेत. शेळ्या गरीब हायेत, सीटला तोंड लावणार न्हाईत. खाली ताडपत्री टाकीन. तुमाला मोबाईलवर दिसलं तर काळजी करू नका, त्या आपल्याच शेळ्या. परवानगी द्यावी. गुडघा दुखून राहिला, न्हाईतर पायी नेल्या असत्या. कळावे, माणुसकी असू द्यावी.

सोनाजी


दि. १८ ऑगस्ट २०२५

श्री. सोनाजी यांस,
सप्रेम नमस्कार.

आपला अर्ज मिळाला. शेळ्यांच्या स्वभावाबद्दल कार्यालयास शंका नाही. तथापि सदर वाहनात चार पायांचे प्रवासी नेण्याची तरतूद नसल्याने परवानगी नाकारण्यात येत आहे, याचा खेद आहे. आपल्या गुडघ्याबद्दल वाचून वाईट वाटले. रोज सकाळी तिळाच्या कोमट तेलाने चोळावा व उकिडवे बसणे टाळावे. गुण आल्यास कळवावे.

आपला,
उत्तमसिंग
(वाहन विभाग)


सेनगाव
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
स. जयभीम वि. वि.

साहेबांनी कहर केला आहे. काकांनी ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंय आणि येईल त्याला वाचून दाखवतात. तेव्हापासून त्यांनी पोराच्या सोयरिकीसाठी, मग सोयाबीनच्या पोत्यांसाठी आणि मग नुसतंच तुळजापूरला जाऊन येण्यासाठी अर्ज केले. साहेबांनी तिन्ही नाकारले, पण प्रत्येक वेळी गुडघ्याची चौकशी केली, त्यामुळे काका रागावत नाहीत. आता गल्लीतले बाकीचेही साहेबांचा पत्ता मागून राहिलेत. परवा एकानं साहेबांसाठी पायलीभर तूर आणून दिली. ती आम्ही खाल्ली, तुझा वाटा काढून ठेवलाय.

शीतलची तारीख आली. रविवार, नऊ नोव्हेंबर, हिंगोली. रात्रंदिवस पुस्तकात आहे. ती मात्र साहेबांवर खूश नाही. परवा मी काकांच्या अर्जाची गंमत सांगत होतो, तर ती हसली नाही. म्हणाली, साहेब खोटा आहे, पण तुमची भीती खरी आहे, आणि माझी परीक्षाही. उद्या असा कोणी आला जो साहेबाला भीत नाही, तर तुम्ही काय करणार? मी म्हटलं, असं कोण येणार आहे.

तूच सांग, असं कोण आहे? कृपादृष्टी राहू दे, तुझी आणि साहेबांचीही.

तुझा
धम्मदीप


कळमनुरी
२४ ऑक्टोबर २०२५

चि. धम्मदीप यास,
अ. उ. आ.

माझ्याबरोबर शिकवायच्या त्या मंजुळाबाईंच्या नातीचं लग्न औंढ्याला निघालंय, नऊ तारखेलाच. मंजुळाबाई आयुष्यभर माझ्यापुढे मुलाच्या मोठ्या गाडीचा तोरा मिरवत आल्या. यंदा मी त्यांना कळवून बसले आहे, की मी आवाज न करणाऱ्या बॅटरीच्या गाडीतून येते आहे. तेव्हा शनिवारी दुपारी गाडी घेऊन ये. मुक्काम तिथंच करू, रविवारी लग्न लावून संध्याकाळी परत.

परीक्षा माझ्या लक्षात आहे. पण शीतल पहाटे उठणारी पोर आहे, पहिल्या एसटीनं गेली तर आरामात पोचेल. मी नोकरीभर एसटीनंच फिरले, माझं काही बिघडलं नाही. साहेबांची अडचण येणार नाही; त्यांची परवानगी या पत्रासोबतच समज. पैठणी इस्त्रीला दिली आहे.

वाट पाहते. मायेत कसर नसावी.

तुझी
सुमनआत्या


सेनगाव
३० ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

हे पत्र चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहितो आहे. शीतलला दाखवलं नाही, नाहीतर ती म्हणाली असती की जाऊ द्या, मी एसटीनं जाते.

आत्या, गाडी येणार नाही. किलोमीटर शिल्लक आहेत, बॅटरी भरलेली आहे, कंपनीला कशाचीच पर्वा नाही. मी नाही म्हणतोय. गाडी शनिवारपासून दारात उभी राहील आणि रविवारी शीतलला घेऊन हिंगोलीला जाईल. मागच्या वेळी बंद गेटबाहेर ती पायरीवर हॉलतिकीट हातात धरून बसली होती. ते मला परत बघायचं नाही.

मला तू वाढवलंस. हे पत्र पेटीत टाकल्यावर हात बाहेर काढवणार नाही बहुतेक. तुला राग येईल हे माहीत आहे. येऊ दे, पण तोडू नकोस.

तुझा
धम्मदीप


सेनगाव
१० नोव्हेंबर २०२५

सुमनताईला सोनाजीचा जयभीम.

ताई, तू रुसली हायेस असं धम्मदीप म्हणते. पोरगं आठ दिवसांपासून नीट जेवून न्हाई राहिलं. शनिवारी मीबी गाडी मागायला गेलतो. म्हटलं, साहेबांना आज विचारायचं राहिलं, तू तुझ्या जबाबदारीवर दे. तर कधी न्हाई ते पोरगं माझ्या डोळ्यात बघून म्हणालं, "काका, साहेब बिहेब कोणी न्हाई. मीच न्हाई म्हणून राहिलो." मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच चहा मागितला.

काल सकाळी शीतल स्वतः गाडी चालवत गेली. धम्मदीप बाजूला, छातीशी तिची बॅग धरून. गाडीचा आवाजच न्हाई, रस्त्यातलं कुत्रं उठलं न्हाई, शेवटी धम्मदीपनं उतरून उठवलं. गेट उघडायच्या आधीच पोचले. पेपर बरा गेला म्हणते.

आता साहेबाचं. ताई, साहेब पुण्याचे आणि पाकिटावर शिक्का कळमनुरीचा. तुझं अक्षर मी लहानपणापासून ओळखतो, तूच पाटीवर गिरवून घेतलंस. पहिल्या पत्रालाच समजलं होतं. मग अर्ज काहून करत राहिलो म्हणशील. आजवर लई साहेबांना अर्ज केले, शेतासाठी, विहिरीसाठी, लाइटीसाठी. एकानंबी उत्तर दिलं न्हाई. ह्या एका साहेबानं चारही अर्जांना दिलं, आणि गुडघाबी विचारला. तेल लावतो, गुण हाय.

तर साहेबाला बंद करू नको. माझं एवढं ऐक.

तुझा भाऊ
सोनाजी


कळमनुरी
१६ नोव्हेंबर २०२५

चि. धम्मदीप व चि. सौ. शीतल यांस,
अ. उ. आ.

रुसले होते. खोटं काहून बोलू? तुझं पत्र वाचून मी ते पालथं ठेवलं आणि दिवसभर त्याच्याकडे बघितलं नाही. आपण वाढवलेलं लेकरू आपल्याला नाही म्हणतं, हे गिळायला वेळ लागतो. आणि शीतल, तुला दिलेला शब्द मीच मोडायला निघाले होते. गाडी दारात राहील म्हणणारी मी, आणि पहिली मागायला आलेलीही मीच. मला माफ कर पोरी.

औंढ्याला मी एसटीनं गेले. पैठणी नेसून हिंगोलीपर्यंत उभी. मंजुळाबाई मांडवाच्या दारातच उभ्या होत्या, गाडी कुठंय म्हणून विचारायला. मी सांगितलं, माझी भाचेसून ती चालवत परीक्षेला गेली आहे, साहेबीण व्हायच्या. मग काय, बायकांनी नवरीच्या साड्या बाजूला ठेवल्या आणि शीतल, तुझंच सगळं विचारत बसल्या. मंजुळाबाईंना मुलाच्या गाडीबद्दल बोलायला सवडच मिळाली नाही. गाडी आणली असती तर एवढा रुबाब पडला नसता, असं आता वाटतंय.

धम्मदीप, तुझ्या तोंडून मी आजवर "नाही" ऐकलं नव्हतं. पहिलं माझ्या वाट्याला आलं. ते मी पेटीत जपून ठेवलं आहे.

साहेबांबद्दल सोनाजीचं पत्र वाचून मी थोडी रडले आणि बरीच हसले. वाहन विभागातून साहेबांना मोकळं केलं आहे, आता तुला त्यांची गरज नाही. पण पत्रव्यवहार चालू राहील. हे सोनाजीला कळवलं, तर त्यानं साहेबांना निरोपाचं जेवण ठरवलंय, तुमच्याच घरी, पुढच्या रविवारी. साहेब येणार आहेत. गाडी पाठवू नकोस. मागितली तरी देऊ नकोस. तुला नाही म्हणता येतं, या विश्वासावर मला हल्ली रात्री शांत झोप लागते.

मी पहिल्या एसटीनं येते. तूर काढून ठेवलीस म्हणालास, ती तेवढी शिजवा, आणि माझ्यावर जो काही जीव आहे तो असाच राहू द्या.

तुमची
सुमनआत्या