तलकाडची पिवळी साडी

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

तू गप्प बस! वही आहेस, वहीसारखी राहा. चूक माझी नाही. कॉम्प्युटरनं विचारलं, अपडेट करू का — मी 'हो' म्हटलं. कुणीपण म्हणेल.

सकाळी दुकानाला जायच्या आधी अप्पा रोजच्यासारखे बसले. कॉफीचा लोटा, तलकाडच्या सहलीचं फोल्डर, पहिल्या फोटोवर दोन टिचक्या. उघडलं ते भलतंच! काळाकुट्ट पडदा, कडेला नाही नाही ती बटणं. आणि मधे आई — पांढऱ्या साडीत.

"ही कोण ग?" अप्पा म्हणाले. चेष्टा नव्हती.

आईला जाऊन तीन वर्षं झाली. तीन वर्षं हा माणूस रोज तेच अकरा फोटो बघतो. बाणाचं बटण, पुढचा, पुढचा. वाळूत आई, देवळाच्या पायरीवर आई, कावेरीत पाय सोडून आई. सगळीकडे पिवळी साडी. नव्या ॲपनं तिचा रंगच खाऊन टाकला.

कॉफी तशीच ठेवून गेले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सुदीपला फोन. मामाचा मुलगा, बेंगळुरूत हेच काम करतो. "अय्यो अक्का, तो जुना फोटो व्ह्यूअर? म्युझियममध्ये ठेव त्याला!" ठेवते. आधी परत आणून दे.

तो आत कुठंतरी आहेच म्हणे, फक्त यादीत दिसत नाही. सुदीपनं छोटी फाईल पाठवली, चालवली. मग सेटिंग, मग डिफॉल्ट ॲप. जेपीजीसाठी वेगळं, पीएनजीसाठी वेगळं. मधेच नवा विनवण्या करतोय — मला एकदा वापरून तरी बघा. नाही! जा!

चार वाजता आई परत पिवळी झाली.

अप्पांनी बघितलं. "हां. आता आली." एवढंच. पण नंतर शीळ घालत होते. शीळ!

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी कॉफी पूर्ण संपली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

एक तुला कधी सांगितलं नाही. मी तलकाडला गेलेच नव्हते.

आई दाराबाहेरून म्हणाली, "चल की ग अन्वी, एक दिवस. लिहिणं कुठं पळून जातंय?" मी दारही उघडलं नाही. पूर्णविराम नसलेली कादंबरी लिहीत होते तेव्हा! एक पान झालं. पाच महिन्यांनी आई गेली.

म्हणून त्या दिवसातलं माझ्याकडे फक्त ते पिवळं आहे. किती लिहिलं मी त्याच्यावर — पिवळी दुपार, पिवळी वाळू, पिवळ्या निऱ्या. न बघितलेल्या गोष्टीची इतकी आठवण येते का कुणाला? मला येते.

शनिवार, १५ नोव्हेंबर

स्पर्धेला पाठवायच्या कथेची पानं स्कॅन केली. उघडली. कागद पिवळा! मार्क्स कार्ड उघडलं, पिवळं. शेजारच्या वेदवतीअक्कांचं पांढरं मांजर — पिवळं!

सुदीप म्हणाला, "स्क्रीनचं कलर प्रोफाईल बिघडलंय, अक्का. जुना व्ह्यूअर त्याचं ऐकतो, नवा ऐकत नाही. ते प्रोफाईल काढून टाक, दोन मिनिटांचं काम."

काढलं. हुशार ना मी!

तलकाड उघडलं. तोच जुना व्ह्यूअर, तोच बाण. आई पांढरी.

अप्पा मागे उभे. कधी आले कळलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मॅचिंग सेंटर आहे माझं. ब्लाउजपीस दारात उन्हाला धरून दाखवण्यात तीस वर्षं गेली. स्क्रीनचा पिवळा मला कळणार नाही?"

"मग?"

बसले. "कोरी होती ती साडी. बिनरंगाची. तुझे आजोबा रंगवायचे तो पिवळा तिला हवा होता, माझ्या हातचा. मी म्हटलं, ह्या रविवारी, पुढच्या रविवारी. शेवटी तशीच नेसून आली तलकाडला! म्हणाली, कुणी विचारलं तर सांगते, नवरा रंगाऱ्याचा मुलगा आहे, म्हणून पांढरी."

हसले. मग हसणं थांबलं.

"ह्या मशीननं रंगवून दिली. सुम्ने, नुसताच, बघत होतो मी."

ते बिघडलेलं परत घालू का, विचारलं. त्यांनी फोल्डर बंद केलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

कपाटाच्या खालच्या खणात सापडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. अजून कोरीच. अप्पांच्या खुर्चीवर ठेवली, कॉम्प्युटरसमोर.

आत्ता गच्चीवरून आजोबांच्या रंगाच्या पातेल्याचा आवाज येतोय. आणि हाक — "अन्वी! खडेमीठ आण ग, पाणी उकळलं!"

तू पड इथंच. ह्या वेळी मी दार उघडून चालले.