आबांच्या भरवशावर चॉकलेटचा ट्रे

आबा,

कंपनीची गाडी आलीय, मी सुप्याला निघाले. हे नगरला गेलेत आणि आई खुरपायला. घरात तुम्ही एकटेच आहात, म्हणून हे तुम्हालाच सांगावं लागतंय.

फ्रीजमध्ये ट्रे आहे. चॉकलेट वितळवून त्यात कुरकुरीत कॉर्नफ्लेक्स घोळवलेत आणि छोटे गोळे घातलेत. उद्या ज्ञानूच्या वाढदिवसाला शाळेत वाटायचेत. अकराला लाईट जाणार, ती चारशिवाय येणार नाही. आपला फ्रीज लगेच कोमट होतो. लाईट गेली की ट्रे माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवा आणि वर ताट झाका. पाण्याचा थेंबही आत जाऊ देऊ नका.

बत्तीस गोळे आहेत. मोजलेत, राग मानू नका. दिवाळीत डब्यातले लाडू कमी झाले, तेव्हा तुम्ही उंदरावर ढकललंत आणि मला कळत असून मी गप्प बसले. मग पायाचा अंगठा काढावा लागला. आता गुरुवारी परत शुगर तपासायचीय. जखम अजून भरली नाही, हे डॉक्टर मला बाजूला घेऊन बोललेत.

भूक लागली तर भाकरी आणि शेपूची भाजी झाकून ठेवलीय.

ज्ञानूने तुमच्या नावाचा तेहतिसावा गोळा केला होता. तो मी काढून घेतला. पोरगी लई रडली. मग म्हणाली, "आबांचा अंगठा परत उगवला की देशील ना?"

मी हो म्हणलेय.

धनश्री