पेट्रोलला बारीक जेट

चंचल,

कल्पना कर, तू इंजिन आहेस. तुला ताक दोन तांबे लागतं, पण बासुंदी तेवढीच पाजली तर? काल गोपालकाकाच्या रेसच्या गाडीचं तेच झालं. आधी ती अल्कोहोलवर पळायची; ते जास्त लागतं, म्हणून कार्बोरेटरला इंधन सोडणारे जेट मोठ्या भोकाचे होते. पेट्रोल भरल्यावरही मी तेच ठेवले.

"आबा, आता बारीक जेट नको का?" मीच शिकवलेलं तू विचारलंस, आणि गॅरेजच्या पोरांसमोर मी म्हणालो, "गप बस, तुला काय कळतं."

तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून तुला न उठवता उधन्याला गॅरेजवर निघालोय. जेट बदलतो, चूक माझी होती हे त्याच पोरांना सांगतो. पोहे झाकून ठेवलेत.

काळा धूर सोडून गाडी बंद पडली, तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. तू मात्र पान्हा घेऊन काजळलेला प्लग खोलायला बसलीस.

आबा