रंग वाळेपर्यंत

प्रिय ठमे,

तुझ्या इंटर्नशिपचं ऐकून मी फोनवर हसलो, ते तुला लागलं असणार. म्हाताऱ्या माणसांच्या हक्कांसाठी भांडायचं आणि त्याचे कॉलेजात गुण मिळवायचे! भांडणात आपल्या घराण्यात कुणी नापास झाल्याचं ऐकिवात नाही. मग तू तुमच्या कामाचा नियम सांगितलास: आधी नातेवाइकांना खोलीबाहेर काढायचं, दार लावायचं, त्या माणसासमोर खाली बसायचं, एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. यातलं शेवटचं तुला कसं जमणार, असं मी म्हणालो. विषय तिथेच संपायला हवा होता.

पण डोक्यात किडा वळवळत राहिला. आजीला वृद्धाश्रमात जाऊन चौदा महिने झाले. दर रविवारी मी जातो. आयाबाई तिला विचारते, झोप लागते का? मी म्हणतो, लागते. जेवण जातं का? जातं की. डॉक्टर तिच्या गुडघ्याबद्दल मलाच विचारतात आणि मीही घडाघडा सांगतो, जणू गुडघा माझाच ठणकतोय. आजी आळीपाळीनं आमच्या तोंडांकडे बघते. तिचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे, कानही तिखट आहेत.

गेल्या रविवारी मी आयाबाईला बाहेर पाठवलं, स्टूल ओढलं आणि विचारलं, "आई, तुला काय हवंय?" मग गप्प बसलो. भिंतीपलीकडे कुणीतरी खोकत होतं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "रंग वाळला का रे?"

तू तेव्हा हॉस्टेलवर होतीस, तुला हे ठाऊक नाही. घराला रंग काढतोय, वासानं तुला त्रास होईल, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, असं सांगून मी तिला तिथे नेलं. रंग खरंच काढला, फक्त तिच्या खोलीला. तिथे आता माझं टेबल आहे. तिथे बसून मी दर आठवड्याला लोकांच्या ढोंगावर लेख लिहितो. काय नेमकं पकडता हो, असं वाचक कळवतात.

मी म्हणालो, "अजून ओल आहे." तिनं माझ्या हातावर थोपटलं. "असू दे. घाई नको करूस."

बाहेर मॅनेजरनं कागद पुढे केला. येत्या सोमवारी तिला वरच्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेल्यांत हलवणार, देखरेखीला सोपं जातं म्हणून. त्या मजल्यावरून कुणी आपल्या पायांनी खाली आलेलं मी पाहिलेलं नाही. 'संबंधित व्यक्तीला विचारले आहे' या ओळीपुढे मी सवयीनं 'होय' लिहिलं, सही केली, घरी आलो आणि जेवलोसुद्धा.

जाऊन कागद फाडा, असं तू म्हणशील. फाडेनही. मॅनेजर समजुतीच्या चार गोष्टी सांगेल आणि मी पुन्हा सही करेन. मी मला ओळखतो. म्हणून हे पत्र तक्रारअर्ज समज. तक्रार माझ्याविरुद्ध आहे. तू नात, म्हणजे नियमानं तूही बाहेर. तुमच्या संस्थेतल्या बाईंना सोमवारच्या आत पाठव. त्यांनी मला खोलीबाहेर काढावं आणि दार लावावं. आजी माझीच बाजू घेईल. पोराचा काही दोष नाही, रंगच वाळत नाहीये, असं म्हणेल. तेवढं मात्र त्यांनी खरं धरू नये.

तुझाच,
दाराबाहेरचा बाबा